बाकीच्यांची रांग

हॉस्पिटलात त्यांना सगळे ‘स्विचकाका’ म्हणत. तळघरातल्या ज्या डब्यांत नेटवर्कच्या वायरी येऊन मिळतात, त्या स्विचांचे ते कर्तेधर्ते. कुणी विचारो न विचारो, काका समजावून सांगणारच: “हे बघा, एकाच वायरीतून सगळ्यांना जायचंय. म्हणून रांगा. डॉक्टरांचे फोन एक रांग, एक्स-रे दुसरी, कॉम्प्युटरचे अपडेट तिसरी, आणि पाहुण्यांचं वायफाय म्हणजे बाकीचे. प्रत्येक रांगेला वजन. वायर मोकळी असली तर कुणीही कसंही पळा. गर्दी झाली की ज्याचं त्याचं वजन.” बाकीच्यांना त्यांनी शंभरातले पाच दिले होते. “फुकट्यांना पाच पुष्कळ झाले,” असं तेव्हा म्हणालेही होते.

काकांची लेक मालवाहू जहाजावर इंजिन सांभाळायची. जहाज बंदराला लागलं की दुपारी व्हिडिओ कॉल करायची, आणि काका तो कँटीनमध्ये बसून घ्यायचे, पाहुण्यांच्याच वायफायवर. मागच्या खेपेला नेमकी डॉक्टरांची फेरी चालू होती, वॉर्डावॉर्डात एक्स-रे उघडले जात होते. लेक म्हणाली, “बाबा, मी ना या वेळी…” आणि थिजली. तोंड अर्धवट उघडं, कपाळावर एक बट. मग तेही गेलं. जहाज सुटलं.

या वेळी काय? नोकरी सोडतेय? लग्न ठरवलंय? काका जिना चढताना ते वाक्य पुरं करत, उतरताना वेगळं पुरं करत. बहुतेक वेळा त्यात ती घरीच येत असे.

शेवटी ते साहेबांकडे गेले. साहेबांना दर वाक्याला शेपूट जोडायची सवय.

“पाहुण्यांना वीस? जावई आहेत का ते, काय म्हणतोय मी?”

“अपडेटचे काढून देतो, साहेब. त्यांना कुठे कुणाची वाट बघायचीय?”

“आणि डॉक्टरांचं?”

“त्याला हात लावत नाही.”

“तुमचं कोण अडकलंय त्या रांगेत, काय म्हणतोय मी?”

“बाकीचे,” काका म्हणाले.

लेकीचा फोन पुन्हा ऐन फेरीच्याच वेळी आला. शेजारच्या टेबलावर एक आजोबा नातवाशी बोबडं बोलत होते. त्यांचंही काही अडकत नव्हतं. लेकीच्या नाकावरचा तेलाचा डागसुद्धा दिसत होता.

“वाळलीस गं.”

“दर वेळी हेच म्हणता, बाबा. या हिशोबाने मी आता दिसायलाच नको होते.”

“मागच्या वेळी काय सांगत होतीस? ‘मी ना या वेळी’ म्हणालीस आणि तुटलं.”

तिने आठवून पाहिलं. “काय बरं… नाही आठवत. असंच काहीतरी असेल.”

“येण्याचं होतं का?”

तिच्या मागून कुणीतरी हाक मारली. “बघू हं, बाबा.”

चित्र जराही अडखळलं नाही. ते म्हणताना तिने नजर कशी बाजूला नेली, तेही काकांना स्वच्छ दिसलं.