हेन्याबाईंनी न वाचलेलं पान

हेन्याबाई गुरेविच यांचा सोप्या वाक्यावर विश्वास नव्हता. एखादी ओळ अडखळत, लंगडत चालली की त्या निवांत व्हायच्या. ओळ गुळगुळीत निघाली की चष्मा काढून पुसायच्या आणि म्हणायच्या, "इथं कुणाचा तरी हात फिरलाय."

यरुशलेममधल्या आमच्या संस्थेचं काम एकच होतं. हिब्रू बायबलच्या जुन्या हस्तलिखितांतले पाठ एकमेकांशी ताडून बघायचे आणि कुठल्या प्रतीत कुठलं अक्षर वेगळं आहे ते टिपून ठेवायचं. प्रती पडताळण्याचं काम हेन्याबाईंकडे होतं. मी शिमशोन घोसाळकर, तळघरातल्या काळ्या खोलीत त्या हस्तलिखितांचे फोटो काढून छापायचो. माझं लहानपण रेवदंड्याच्या ज्यू आळीत गेलं, पण चौसष्ट सालापर्यंत मला या गावात बारा वर्षं झाली होती आणि त्यातली नऊ या बाईंच्या तावडीत.

तावडीतच म्हणायला हवं. छापलेला फोटो घेऊन मी वर गेलो की त्या भिंग लावून विचारायच्या, "हा ठिपका कातड्यावरचा की तुझ्या काचेवरचा?"

"कातड्यावरचा, बाई."

"तुला कसं ठाऊक?"

"मी काच पुसली होती."

"पुसली होतीस असं तू म्हणतोस. पुन्हा छाप."

पुन्हा छापायचं. दहातून एकदा ठिपका खरंच माझ्या काचेवरचा निघायचा आणि उरलेल्या नऊ वेळांचा राग मला गिळावा लागायचा.

त्या मूळच्या युरोपातल्या विल्ना शहराच्या. लग्न केलं नव्हतं. थोरली बहीण दोब्रा आणि त्या, दोघी मिळून दोन खोल्यांत राहायच्या. दुपारी काळा पाव, खारवलेला हेरिंग मासा आणि काचेच्या पेल्यातला चहा. खालच्या मजल्यावरचा धार्मिक शेजारी त्यांना जिन्यात भेटला की भिंतीकडे तोंड करायचा. देवाच्या शब्दांतल्या चुका मोजणारी बाई, म्हणून. हेन्याबाईंना त्याचं काही वाटत नसे. "देवानं चुका केल्या नाहीत," त्या म्हणत. "लिहिणाऱ्यांनी केल्या. लिहिणारे माझ्यासारखेच होते, दमलेले."

आता ज्या पानावरून सगळं घडलं त्याबद्दल. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकातला तेरावा अध्याय सुरू होतो तो शौल राजाच्या वयानं. आमच्या पाठात तिथं लिहिलंय की शौल राजा झाला तेव्हा तो एक वर्षाचा होता. एक वर्षाचं पोर राज्यावर बसून पलिष्ट्यांशी लढतं, हे कुणाला पटेल? उघड आहे, आकडा कधीतरी गळून पडला. पण मूळचा आकडा काय होता ते ठाऊक नाही. कुणी तीस म्हणतं, कुणी आणखी काही. संस्थेत या ओळीवर किती दुपारी गेल्या असतील त्याला गणती नाही.

त्या वर्षी आमचा वल्हांडण सण झाल्यावर लाझार काश नावाचा गृहस्थ आमच्याकडे आला. राखाडी सूट, मऊ आवाज. जुन्या वस्तूंचा व्यापार करायचा. त्यानं कापडात गुंडाळलेलं कातड्याचं एक पान प्रोफेसर ब्रेसलाउंच्या मेजावर उलगडलं. नेमका तेरावा अध्याय. आणि पहिल्याच ओळीत स्वच्छ अक्षरांत: शौल तीस वर्षांचा होता.

प्रोफेसर ब्रेसलाउ आमचे प्रमुख. जर्मनीत शिकलेले, स्वभावानं कोरडे. पण त्या दिवशी ते खुर्चीतून उठून उभे राहिले. "घोसाळकर, फोटो. आत्ता. आणि हेन्याबाईंना बोलवा."

हेन्याबाई आल्या. खुर्ची ओढून बसल्या. पानाला हात न लावता पहिली ओळ वाचली आणि चष्मा पुसायला घेतला.

काश हसून म्हणाला, "बाईंना आवडलेलं दिसत नाही."

"फार आवडलं," हेन्याबाई म्हणाल्या. "तेच तर. दोन हजार वर्षं लोक ज्या ओळीपाशी अडले, ती तुमच्या पानावर अगदी सरळ चाललीय. कुठं मिळालं म्हणालात?"

"एका कुटुंबाकडे होतं. नाव सांगू नका म्हणतात."

"नाव सांगू नका असं सगळीच कुटुंबं का म्हणतात?"

"हेन्याबाई," प्रोफेसर हलकेच म्हणाले, "कातड्याची तपासणी झालीय. निदान आठशे वर्षं जुनं आहे."

"कातडं जुनं असेल. शाई कुणाची?"

काशनं पान संस्थेत आठ दिवस ठेवायचं कबूल केलं. हेन्याबाई पट्टी लावून एकेक अक्षर पुटपुटत वाचायला बसल्या. मी त्याच खोलीत दिवे लावत होतो, म्हणून मला दिसलं. अध्यायाच्या शेवटाकडे, जिथं लिहिलंय की इस्राएलच्या सगळ्या देशात एकही लोहार सापडत नव्हता, तिथं त्यांचं बोट थांबलं. ओठ थांबले. मग उठल्या, कोट घातला आणि भर दुपारी घरी गेल्या. नऊ वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून त्या कुणाशी बोलेनात. खोलीचं दार लावून बसायच्या. मला गुपचूप म्हणाल्या, "शेवटच्या पाच ओळींचा मोठा फोटो काढ. प्रोफेसरांना सांगू नकोस."

"का?"

"मी सांगते म्हणून."

असं उत्तर मी त्यांना दिलं असतं तर त्यांनी ते चालवून घेतलं असतं का? ज्या बाईनं मला प्रत्येक ठिपक्यावर शंका घ्यायला शिकवलं, तिच्यावरच मला शंका आली. दुपारी त्या चहाला गेल्या तेव्हा मी त्यांचा खण उघडला. आत एक टाक, शाईची बाटली आणि बारीक छपाईचं एक छोटं बायबल. कागद पिवळा, हलका, शाळेतल्या मुलांसाठी छापतात तसला. त्यात शमुवेलाच्या तेराव्या अध्यायापाशी खूण घातलेली. मी खण लावला. टाक, शाई आणि तोच अध्याय. मला जे वाटलं ते मी कुणाला बोललो नाही, पण वाटलं हे खरं.

आठव्या दिवशी प्रोफेसरांनी सगळ्यांना बोलावलं. पान घ्यायचं ठरलंय आणि पुढच्या महिन्यात जाहीर करायचंय, असं त्यांनी सांगितलं. काश खिडकीशी उभा होता. हेन्याबाई उठल्या. हातात ते छोटं बायबल.

"हे पान खोटं आहे," त्या म्हणाल्या.

"पुरावा?" प्रोफेसर म्हणाले.

"एकोणिसावं वचन वाचा. 'लोहार'च्या जागी काय लिहिलंय?"

हिब्रूत दालेत आणि रेश ही दोन अक्षरं आपल्या घ आणि ध सारखी, पटकन पाहिलं तर एकच वाटावीत. रेशच्या जागी दालेत पडला की 'लोहार'चा होतो 'नवा'. पानावर लिहिलं होतं की सगळ्या देशात 'नवा' सापडत नव्हता.

"लेखनिकाची साधी चूक," प्रोफेसर म्हणाले. "अशा शेकडो आहेत. उलट, अशी चूक असणं हे पान अस्सल असल्याचंच लक्षण."

"एक चूक असती तर मीही तेच म्हटलं असतं. पुढचं वचन बघा. लोक फाळ, कुदळ आणि कुऱ्हाड धारेला नेतात. पानावर कुऱ्हाड नाही. आता हे बघा." त्यांनी छोटं बायबल उघडून मेजावर ठेवलं. "शेहेचाळीस साली इथंच, एका छोट्या छापखान्यात शाळांसाठी छापलेलं. यातही 'नवा'. यातही कुऱ्हाड नाही. त्याच दोन चुका, लागोपाठ. पान लिहिणाऱ्यानं समोर हे पुस्तक ठेवून लिहिलंय."

मग काश मऊ आवाजात म्हणाला, "किंवा छापखान्यानं एखाद्या जुन्या हस्तलिखितावरून छापलं असेल. माझ्या पानाच्याच घराण्यातल्या."

प्रोफेसरांनी मान हलवली. "हे शक्य आहे, हेन्याबाई."

"नाही," हेन्याबाई म्हणाल्या. "शक्य नाही. कारण त्या पुस्तकाची मुद्रितं मी तपासली होती. पहिलं मुद्रित बिनचूक होतं. मग छापखान्यातल्या जुळाऱ्याच्या हातून अक्षरांचे खिळे सांडले आणि त्या दोन ओळी त्यानं नव्यानं जुळवल्या. त्या दिवशी इंग्रजांची संचारबंदी लागणार होती. आई आजारी होती, मला पाच वाजायच्या आत घर गाठायचं होतं. मी दुसरं मुद्रित वाचलं नाही. न वाचता खाली 'वाचले' असं लिहून सही केली. पुस्तक बांधून आल्यावर चुका दिसल्या. मी गप्प राहिले. अठरा वर्षं."

मला वाटलं, आता सगळे बाईंजवळ जातील. तसं झालं नाही. प्रोफेसरांनी पुस्तक मिटलं आणि अगदी शांतपणे म्हणाले, "म्हणजे या चुका जगात फक्त तुम्हाला ठाऊक होत्या."

"हो."

"पुस्तक तुमच्याकडे."

"हो."

"आणि जुन्या लेखनिकांसारखं अक्षर काढता येईल असं या गावात कितीजण आहेत?"

हेन्याबाईंना प्रश्न कळायला क्षणभर लागला. मग त्या खाली बसल्या. "मी असते," त्या म्हणाल्या, "तर कुऱ्हाड विसरले नसते."

काश त्याच संध्याकाळी पान घेऊन गेला. दुसरं मत घेऊन येतो म्हणाला, तो पुन्हा दिसला नाही. संस्थेनं पान घेतलं नाही, जाहीर काही केलं नाही, आणि कुणी कुणाचे आभारही मानले नाहीत. पण हस्तलिखितांच्या कपाटाची किल्ली हेन्याबाईंकडून काढून घेतली गेली. त्यांना सूचीच्या चिठ्ठ्या अकारविल्हे लावायचं काम मिळालं. त्या खोलीत आल्या की इतरांचं बोलणं थांबायचं. मांजर दिसलं की दुधावर झाकण सरकवतात ना, तसे लोक आपापले कागद जरासे झाकून घ्यायचे.

दोब्रा एकदा मला बाजारात भेटली. काकड्या निवडत होती. "तिला म्हणावं, सोड ती नोकरी," ती म्हणाली. "माझं ऐकत नाही. चोर चोर म्हणून बघतात तिच्याकडे."

"बाई काय म्हणतात?"

"म्हणते, त्यांच्या जागी मी असते तर मीही असंच बघितलं असतं. वेडी आहे."

मी मान खाली घालून काकड्या निवडू लागलो. मला एकाही नको होत्या.

पुढच्या वर्षी हिवाळ्यात युरोपातल्या एका ग्रंथालयाचं पत्र आलं, सोबत फोटो. त्यांच्याकडे एकानं यिर्मयाच्या पुस्तकातलं जुनं पान विकायला आणलं होतं. दिसायला सुंदर, पण तीन ठिकाणी चमत्कारिक चुका. तुमचं काय मत? प्रोफेसरांनी कुणाला न सांगता ते शाळेचं बायबल मागवलं आणि स्वतः पडताळलं. तिन्ही चुका त्यात होत्या. आणि पुस्तकाच्या पुठ्ठ्याच्या आत बारीक अक्षरांत छापलं होतं की यिर्मयापासून पुढची मुद्रितं दुसऱ्याच एका गृहस्थांनी तपासली. ते गृहस्थ अठ्ठेचाळीस सालीच वारले होते. ही चुकांची पानं हेन्याबाईंच्या हाताखालून गेलीच नव्हती. नकला करणाऱ्यानं अख्खं पुस्तकच समोर ठेवलं होतं, चुका कुठं आहेत हे त्याला ठाऊकही नव्हतं.

प्रोफेसर स्वतः जिना उतरून चिठ्ठ्यांच्या खोलीत आले. किल्ली मेजावर ठेवली. "हेन्याबाई, माझं चुकलं."

त्यांनी किल्लीकडे पाहिलंही नाही. "फोटो दाखवा."

"मी तपासलंय."

"तुम्ही तपासलं असं तुम्ही म्हणता."

प्रोफेसर लाल झाले आणि मग, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, हसले. बाईंनी दोन दिवस फोटो आणि पुस्तक शेजारी ठेवून वाचलं. एक चूक प्रोफेसरांच्या नजरेतून निसटली होती. तीन नव्हत्या, चार होत्या. ते सांगून झाल्यावरच त्यांनी किल्ली उचलली.

त्या दिवशी मी त्यांना खणाचं सांगितलं. लपवून ठेवणं मला आता झेपत नव्हतं. "बाई, तेव्हा मी तुमचा खण उघडला होता. मला वाटलं होतं की तुम्हीच."

त्यांनी मला बसायला सांगितलं. माझ्यासाठी चहा ओतला, साखरेचा खडा बशीत ठेवला. मग म्हणाल्या, "उघडलास ते बरं केलंस. फक्त एक चुकलं तुझं."

"काय?"

"बघितलंस आणि गप्प बसलास. मलाच विचारायचं होतंस. मी पण तेच केलं, म्हणून सांगते. बघून गप्प बसलं की माणूस आतून सडतं." त्यांनी आपला पेला दोन्ही हातांत धरला. डोळे भरले होते, पण पुसले नाहीत. "अठरा वर्षं मी दुसऱ्यांच्या चुका शोधत होते, शिमशोन. खूप चांगल्या सापडायच्या."

त्या आठवड्यात त्यांनी शाळांना एक पत्र लिहिलं. पुस्तकं बहुतेक फाटून गेली असतील, पण कुणाकडे असलीच तर एकोणिसाव्या आणि विसाव्या वचनात अमुक दुरुस्ती करावी, चूक तपासनिसाची आहे, आणि खाली पूर्ण नाव. सतरा शाळांना पाठवलं. एकीकडूनच उत्तर आलं, तेही दुसऱ्याच कशाबद्दल तरी.

मग नोकरीत पहिल्यांदाच त्यांनी सुट्टी घेतली आणि दोब्राला घेऊन तळ्याकाठच्या तिबेरिया गावाला गेल्या. आठ दिवसांनी परतल्या त्या नाकावर ऊन लागून, सालं निघालेल्या अवस्थेत. दोब्रा म्हणाली, तळ्याच्या काठी बाई नुसती बसून राहायची, हातात काही नाही. सोमवारी सकाळी त्या वर गेल्या, कपाट उघडलं आणि होशेयच्या पुस्तकातला पहिला अध्याय ताडायला बसल्या.