आईची हाक

परवा मंगळवार पेठेतल्या आमच्या गिरणीला मी ड्राइव्ह बसवत होते. हे यंत्र लावलं की मोटर सुरू होताना एकदम वीज ओढून झटका मारत नाही, हळूहळू वेग धरते. जोडणीसाठी खाली वाकले, तसा पट्ट्याच्या रबराचा आणि जुन्या पिठाचा वास नाकात गेला आणि मी शाळकरी होऊन शेजारच्या काकांच्या सोप्यात, बाहेरच्या खोलीत, जाऊन बसले.

टीव्हीवर कुस्ती रंगात आली होती. निम्मी गल्ली दाटीवाटीनं बसलेली. तेवढ्यात बाहेरून आईची खणखणीत हाक आली, "मोटर चालू करतोय गंऽ, टीव्ही बंद करा!"

कुणी उठलं नाही. गिरणीची मोटर सुरू झाली तसा बल्ब पिवळा पडला, चित्र आकसलं आणि टीव्ही विझला. सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. काका म्हणाले, "तुझ्या आईला आत्ताच दळाय सुचलं व्हय गं?" सगळे खो खो हसले. मी फरशीकडे बघत बसले. कान नुसते जळत होते.

घरी येऊन रडत म्हटलं, "आई, तू वरडू नगंस की!"

पिठानं पांढऱ्या झालेल्या भुवया उचलून ती म्हणाली, "न सांगता चालू करू? माझ्या मोटरीपायी कुणाचं काय जळलं तर?"

परवा मी बटण दाबणार, तोच आई उंबऱ्यावर गेली. "आता गरज न्हाय गं," म्हणेपर्यंत तिनं हाक दिलीच. शेजारून त्याच काकांचा थकलेला आवाज आला, "करा वैनी, टीव्ही बंद केलाय."

मी बटण दाबलं. गल्लीतला एकही दिवा मंद झाला नाही. 'वरडू नगंस' म्हटलेलं आठवलं आणि माझे कान मात्र तसेच जळायला लागले. आईकडे बघवेना.