दोन वाजून दहा मिनिटांची नोंद

हृदयाचं ॲब्लेशन करून मी जळगावला घरी आलो, त्याच दिवशी मुलानं डॉक्टरांचा सूचनांचा कागद फ्रिजच्या दारावर चिकटवला. आठवडाभर पाच किलोपेक्षा जास्त वजन उचलू नये. उकिडवं बसू नये. रक्त पातळ ठेवायची गोळी एक दिवसही चुकवू नये. ताप आला, गिळताना दुखलं किंवा बोलताना जीभ अडखळली तर लगेच निघून यावं. अधूनमधून ठोके चुकल्यासारखे वाटतील, घाबरू नये. हृदयाला शांत व्हायला तीन महिने लागतात.

डॉक्टरांनी मला हातानं चित्र काढून समजावलं होतं. हृदयात करंट जायची एक ठरलेली वाट असते. तुमच्या हृदयात एक चोरवाट पडली होती. मांडीच्या शिरेतून तार नेऊन आम्ही ती जागा जाळून बंद केली.

"म्हणजे फॉल्टचा भाग तोडून टाकला," मी म्हणालो.

ते हसले. "काका, इंजिनिअर होता का?"

"नाही. सबस्टेशनला ऑपरेटर."

पहिले चार दिवस मांडीचा जांभळा डाग गुडघ्यापर्यंत उतरत गेला. सून रोज विचारायची, "आबा, वाढला का?" आणि मी म्हणायचो, "उतरतोय, म्हणजे जातोय." खोल श्वास घेतला की छातीत टोचायचं. एकदा उजव्या डोळ्याच्या कडेला पांढरी नागमोडी रेघ लखलखायला लागली. वीसेक मिनिटं ती तशीच थरथरत राहिली. फोनवर डॉक्टर म्हणाले, काही जणांना होतं, पुन्हा झालं तर दाखवायला या. मी अशी रेघ पूर्वी एकदाच पाहिली होती, खांबावर. ते त्यांना सांगितलं नाही.

खरा त्रास दुपारचा होता. मुलगा ऑफिसात, सून शाळेत शिकवायला. घरात मी आणि पंखा. छातीत दोन ठोके नीट पडायचे, मग काहीच नाही. ती मधली जागा फार मोठी वाटायची. जणू आत कुणीतरी हात वर करून थांबलंय, आणि मी काय करतो ते बघतंय. मग धप्पकन एक ठोका पडायचा आणि सगळं पुन्हा सुरू.

डॉक्टरांनी नाडीची वही ठेवायला सांगितली होती. तीस वर्षं तासातासाला मीटर वाचून लॉगशीट भरलेली, त्यामुळे रकाने मी झकास आखले. वेळ, नाडी, शेरा. आठव्या दिवशी पानं चाळली तर 'ठोके चुकले' हा शेरा बहुतेक दिवशी एकाच वेळेसमोर होता. दोन वाजून दहा.

मी मनाला समजावलं, जेवण झाल्यावर पोट भरलेलं असतं, होत असेल. पण त्यानंतर पावणेदोनपासून मी घड्याळाकडे बघू लागलो. अकराव्या दिवशी दीड वाजता वही उघडली, तर दोन-दहाची नोंद आधीच लिहिलेली. नाडी चौपन्न. ठोके चुकले. अक्षर माझंच. कधी लिहिलं ते आठवेना.

नोकरीत आम्ही असं करायचो. पुढच्या दोन-तीन तासांची रीडिंगं आधीच भरून ठेवायची, म्हणजे जरा पाठ टेकता येते. हाताला ती खोड राहिली असेल. तरीही मी मनगट धरून बसलो. दोन-दहाला ठोका थांबला. मी मोजले. चौपन्न भरले.

मी वही मिटली आणि ठरवलं, आता लिहायचं ते खरं लिहायचं. म्हणून हे.

पंचवीस-सव्वीस वर्षांपूर्वी मी यावल तालुक्यातल्या एका सबस्टेशनवर होतो. वायरमन खांबावर चढण्याआधी ऑपरेटरकडून परमिट घेतो. ऑपरेटर लाइन बंद करतो, आणि परमिट परत येईपर्यंत ती चालू करत नाही. हा नियम. आमच्याकडे मात्र कागद मागाहून भरायचे. वायरमन आपल्या सायकलच्या कुलपाची चावी माझ्या टेबलावर ठेवून जायचा. चावी टेबलावर आहे तोवर माणूस वर आहे. काम झालं की तो येऊन चावी उचलायचा, मग मी लाइन सोडायचो. वर्षानुवर्षं चाललं होतं, आणि कागदापेक्षा आमचा भरवसा चावीवरच जास्त.

त्या दिवशी मे महिन्याचं ऊन होतं. केळीबागांना पाणी हवं म्हणून पंधरा-वीस जण खिडकीशी उभे होते. "नाना, घड सुकताय, सोडा ना लाइन." मी टेबलाकडे पाहिलं. चावी नव्हती. मी लाइन सोडली.

चावी लॉगबुकाखाली होती. मीच रीडिंग भरून लॉगबुक तिच्यावर ठेवलं होतं. खिडकीतून दूरच्या खांबावर ती नागमोडी रेघ दिसली आणि माणसं ओरडत पळाली, तेव्हा मी लॉगबुक उचललं. चावी खिशात घातली. मग पेन घेतलं आणि लिहिलं: परमिट परत, दोन वाजून दहा मिनिटं. खाली त्याची सही मीच केली.

चौकशीला साहेब आले. त्यांनी माझी नोंद वाचली आणि निष्कर्ष काढला की परमिट परत केल्यावर वायरमन स्वतःच्या बेसावधपणानं पुन्हा वर चढला. त्याची बायको एका कोपऱ्यात उभी होती. धरणगावकडची, बोलणं अहिराणी. तिनं एकच विचारलं, "मंग सायकलनी चावी कोठे शे?" कुणाला तो प्रश्न कळला नाही. मला कळला. मी खाली बघितलं. सायकलचं मागचं चाक उचलून धरत दोघांनी ती घरी नेली.

पुढं कानावर आलं की तिचे जेठ, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ, सगळ्यांना सांगतात, सकाळी हिनं त्याच्याशी भांडण केलं, त्याचं ध्यान ठिकाणावर नव्हतं, म्हणून तो गेला. मी तिच्याकडे दिवाळीला जात राहिलो. तिच्या कागदपत्रांना मदत केली. तिला वाटलं, हा भला माणूस.

वहीत ती नोंद सापडली, त्यानंतर दोन दिवसांनी वायरमनची बायको घरी आली. कुणीतरी तिला माझ्या ऑपरेशनचं सांगितलं होतं. आता ती धुळ्याला मुलीकडे असते. सकाळच्या एसटीनं आली, पिशवीत दोन शहाळी. रविवार होता, सून घरात होती.

"कसं शे भाऊ आते?"

"बरं आहे वहिनी. एवढ्या उन्हात कशाला आलात?"

"तुम्ही येत व्हतात. बाकी कोनी येत नव्हतं." मग माझ्याकडे बघून हसली. "बारीक व्हयी गयात. सून जेवाले देस ना?"

"देते हो मावशी," स्वयंपाकघरातून सून म्हणाली, "बिनमिठाचं."

हसणं ओसरल्यावर ती हळू आवाजात म्हणाली, "माले बी छातीमा धडधड व्हस. त्या दिनले भांडन व्हयेल व्हतं आमनं. डबा बी लयी गयात नही. तेच याद येस."

मी सांगितलं. चावी, लॉगबुक, सही, सगळं. उठून कपाटातून चावी काढली आणि तिच्यासमोर ठेवली. तिनं ती उचलली नाही. माझ्या छातीत ती मोठी मोकळी जागा आली, आणि या वेळी वाटलं, आता पुढचा ठोका येणारच नाही.

"म्हनजे भांडनमुये नही," ती म्हणाली.

"नाही. त्यांची काहीच चूक नव्हती. तुमची तर मुळीच नव्हती."

ती रडली नाही. पिशवीतून फोन काढला, एक नंबर लावला आणि माझ्यापुढं धरला. "जेठ शेतस. त्यासले सांगा."

"मी लिहून देतो वहिनी. वरही कळवतो, साहेबांना."

"ते द्या मंग. पहिले हाई."

पलीकडून एक म्हातारा खोकला. मी सांगू लागलो.

"जोरमा सांगा," ती म्हणाली. "त्यासले आयकू येत नही."

मी आवाज चढवला. पलीकडून "काय? काय म्हनतस?" मी आणखी मोठ्यानं सांगितलं, लाइन मी सोडली, खोटी सही मी केली. सून दारात येऊन उभी राहिली, तिच्या हातातलं पातेलं तसंच. समोरच्या गॅलरीत कपडे वाळत घालणारी बाई थांबली. तिसऱ्यांदा मी ओरडून सांगितलं, भांडणानं नाही, माझ्यामुळं गेला तुमचा भाऊ.

मग तो म्हातारा म्हणाला, "कोन बोली ऱ्हायनं?"

मी तिच्याकडे पाहिलं. ती वाट बघत होती. मी माझं नाव सांगितलं, वडिलांचं, आडनाव, गाव.