रामटेके सरांची फौज

कोणी शिंकलं की रामटेके सर खूश व्हायचे. स्टाफरूममध्ये मी एकदा लागोपाठ शिंकत सुटलो, तर हातातला चहा खाली ठेवून त्यांनी माझी पाठ थोपटली. "वा भाऊ! फौज जागी हाय तुमची!" धानोऱ्याजवळच्या आमच्या शाळेत ते विज्ञान शिकवत आणि मी मराठी. ताप आला म्हणून सुट्टी मागणाऱ्या पोराचंही ते आधी अभिनंदन करत. "अंग तापलं म्हंजे आतमंदी लढाई सुरू हाय. भेऊ नको, घरी जाऊन झोप."

पांढऱ्या पेशींवर माणसाचा जीव असावा तर असा. तो धडा आला की पुस्तक मिटून ते शेतातली रात्रीची जागल सांगत. "रानडुक्कर पहिल्यांदा आला का जागल्या गडबडते. दुसऱ्यांदा आला का त्याची वाट जागल्याले माईत असते. तसे जागले हायत आपल्या रक्तात." पोरांची निम्मी रात्र धानाच्या बांधावर जायची, त्यांना हे लगेच पटे.

कोरोनाच्या पहिल्या वर्षी सर स्वतःच आजारी पडले आणि बरे होऊन आले ते बढती मिळाल्याच्या थाटात. "आता मले काई होत नाई. प्रतिपिंडं तयार हायत." दुसऱ्या लाटेत सगळं गाव दारं लावून बसलं, तेव्हा ते आजाऱ्यांच्या घरी डबे पोचवत फिरले. तोंडावरचा रुमाल कायम गळ्यात. आम्हाला त्यांचं कौतुकच वाटायचं, खोटं कशाला सांगू.

ते दिवस तेंदूपत्त्याचे, बिडीच्या पानांचे होते. पहाटे जंगलातून पानं तोडून आणायची आणि दुपारी अंगणात बसून पुडे बांधायचे. सरांचं लग्न झालेलं नव्हतं. घरी मोठी बहीण, सुमनबाई. आई लवकर गेली, तेव्हा या बहिणीनं असेच पुडे बांधून भावाला बी.एस्सी. केलं होतं. शाळा बंद, म्हणून सर डबे देऊन आले की तिच्यासमोर गुडघ्याला गुडघा लावून बसत. दोन्ही हात पानांत गुंतलेले असतात, म्हणून पुडा बांधायचा वाक, म्हणजे सालीची दोरी, दातांत धरायची आमच्याकडची रीत. सर तो दातांनीच उभा चिरत, अर्धा बाईंना देत, आणि बाई तो आपल्या दातांत धरत. त्या आठवड्यात सरांचं नाक वाहत होतं. मी विचारलं तर म्हणाले, "एवढंसं पडसं. दुसरा कोनी असता तं आडवा झाला असता."

मग बाई आजारी पडल्या. आधी नुसता ताप होता. सर म्हणाले, लढू दे. दुसऱ्या आठवड्यात ताप उतरला आणि बाईंना धाप लागली. गडचिरोलीला नेऊन ऑक्सिजन लावावा लागला. मी भेटायला गेलो तेव्हा सर दवाखान्याबाहेर कडुलिंबाखाली बसले होते. मला पाहून त्यांनी मान खाली घातली.

"डॉक्टर म्हंते, विषाणू आता थोडासाच उरला असन. तिचीच फौज बेभान झाली अन् तिच्याच फुप्फुसावर उठली." मग बराच वेळ ते पायाखालची माती उकरत राहिले. "अन् थो विषाणू मीच नेला, भाऊ. माहे जागले रक्तात होते, नाकात कोनी नव्हतं. मी वाचलो, पन माह्या नाकातून थो तिच्यावर गेला. हे मले समजाले पाह्यजे होतं. मी शिकवतो नं हे?"

इतका ओशाळलेला माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता.

बाई वाचल्या, पण फुप्फुसं कामातून गेली. विहिरीपर्यंत जाताना त्यांना वाटेत बसावं लागे. आणि भेटेल त्याला त्या सांगत, "माह्या भावानं वाचवलं मले. फौज हाय त्याच्या अंगात." हे कानावर पडलं की सर उठून परसात जात. डबे पोचवल्याबद्दल गावानं त्यांना शाल-नारळ द्यायचं ठरवलं, तर त्या दिवशी सर सकाळच्या एसटीनं पसार.

शेवटी एका संध्याकाळी त्यांनी बाईंना सांगून टाकलं. धीर सुटू नये म्हणून मला शेजारी बसवलं होतं. वाक, नाक, पडसं, काही वगळलं नाही. बाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सूप बाजूला सारलं.

"मले सांगून आता का होते रे? दम तं वापस येत नाई. पोरायले सांगजो."

त्या रागावल्या नाहीत. भावाला जेवायला वाढणंही थांबलं नाही. पण त्याचं कौतुक मी त्यांच्या तोंडून पुन्हा ऐकलं नाही.

सरांनी पोरांना सांगितलं, पण अर्धंच. "एक मास्तर होता," अशी सुरुवात करून ते दरवर्षी सगळी चूक समजावून देत. फक्त तो मास्तर कुठल्या तरी लांबच्या गावचा असे. तो मास्तर कोण ते मला ठाऊक होतं आणि मला ठाऊक आहे हे सरांना ठाऊक होतं. स्टाफरूममध्ये आम्ही हवापाण्याच्या गप्पा मारायचो. गेल्या हिवाळ्यात बाई गेल्या.

यंदा सरांचं निवृत्तीचं वर्ष. त्यांनी तो धडा घेतला तेव्हा मी त्यांच्या वर्गाच्या खिडकीपाशी, व्हरांड्यात वह्या तपासत होतो. गोष्ट संपली, तशी मागच्या बाकावरून एका मुलीनं विचारलं, "सर, त्या मास्तरले लाज नाई वाटली का?"

पोरं हसली. सर हसले नाहीत.

"वाटली. आजबी वाटते, बेटा. थो मास्तर मीच आहो. अन् थे बाई माही बहीण होती."

तास सुटायला अजून पुष्कळ वेळ होता. सरांनी फळ्याकडे तोंड केलं, आणि घंटा होईपर्यंत ते पोरांकडे वळले नाहीत.