सतरा नंबरचा पाना

आमच्या घरी खंडेनवमीला सकाळी गाडीचं ऑइल बदलायचं, मग सगळी हत्यारं डिझेलनं पुसून पाटावर मांडायची आणि पूजा झाली की दसऱ्याच्या सकाळपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. पप्पा फौजेत ट्रक चालवायचे. निवृत्त होऊन पलूसजवळच्या आमच्या गावी परतले तेव्हापासून हा क्रम कधी चुकला नाही. त्यासाठी त्यांनी अंगणात सिमेंटचे दोन उतार बांधून घेतलेत. गाडीची पुढची चाकं त्यावर चढवली की माणूस खाली सरपटत जाऊ शकतो.

त्या वर्षी पप्पांच्या उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालं होतं. हात गळ्यातल्या पट्टीत होता. मी साताऱ्याहून रजा टाकून आले, तर आईनं चहा देता देताच सांगितलं, गाडी विकायची ठरलीय. पप्पांचे शाळेतले एक मित्र विट्याचे. त्यांचं तमिळनाडूत सोनं गाळायचं दुकान आहे. ते दसऱ्याला गावी आले होते आणि नवमीला चार वाजता गाडी बघायला येणार होते.

"आता हिचं कोण करणार?" पप्पा म्हणाले. "गॅरेजवाल्याच्या हातात गेली की गाडी आपली ऱ्हात न्हाई."

मला ती गाडी हवी होती. मला ती साताऱ्याला न्यायची होती. पण मागितली आणि पप्पा नाही म्हणाले तर काय, या भीतीनं मी कधी विषयच काढला नव्हता. मी एवढंच म्हणाले, "ऑइल मी बदलते."

"फाट्यावर दे की नेऊन," आई म्हणाली.

फाट्यावरच्या गॅरेजात मी एकदा गेले होते. बाकावर चार-पाच माणसं बसलेली, सगळी माझ्याकडे बघत होती. मी काय बिघडलंय ते सांगत होते आणि मिस्त्री माझं बोलणं मध्येच तोडून म्हणाला, "पप्पांना फोन लावा, त्यांच्याशी बोलतो." त्यापेक्षा मला गाडीखाली झोपणं परवडणार होतं.

नवमीला मी गाडी उतारावर चढवली, हँडब्रेक ओढला, मागच्या चाकांना दगड लावले आणि हात धुऊन खोलीत गेले. ऑइल कसं बदलायचं त्याचा व्हिडिओ शेवटचा एकदा बघायचा होता. गाडीसोबत आलेलं इंग्रजी पुस्तकही वाचून काढलं. ऑइल सोडायचा बोल्ट किती जोरानं आवळायचा याचा आकडासुद्धा पाठ केला. बाहेर आले तर पूजा झालेली होती. मी हात धुतले ते बघून आईला वाटलं, काम उरकलं. पाटावर हातोडी, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर ओळीनं मांडलेले. प्रत्येकाला हळदीकुंकवाचं बोट, वर झेंडूचं फूल. मधोमध सतरा नंबरचा रिंग पाना, ऑइलचा बोल्ट ज्यानं खोलायचा तोच.

'आई, अजून झालेलं नाही,' एवढंच म्हणायचं होतं. ती नऊ दिवसांच्या उपासानं थकलेली होती, उदबत्ती ओवाळत होती. मी काही बोलले नाही.

शेतातल्या मोटारीच्या खोलीत एक गंजका ॲडजस्टेबल पाना पडून असायचा. तो घेऊन आले आणि गाडीखाली शिरले. पाना बोल्टला लावला, जोर दिला. बोल्ट किंचित हलला. पुन्हा जोर दिला आणि पाना खट्कन घसरला. माझी बोटं लोखंडावर आपटली. टॉर्च धरून बघितलं तर बोल्टचे कोपरे झिजून गोल झाले होते. बोल्ट पुढे सुटत नव्हता, मागे आवळला जात नव्हता. त्याच्या कडेनं काळं ऑइल ठिबकायला लागलं. मी खाली घमेलं सरकवलं.

"सुटला का गं?" पप्पा ओट्यावर खुर्चीत बसले होते.

"सुटतोय," मी म्हणाले.

घड्याळात दीड वाजला होता. चार वाजता गिऱ्हाईक येणार, आणि गाडी अशी. मी स्कूटी काढली. "जरा जाऊन येते," म्हणाले आणि फाटा गाठला.

गॅरेजात सामसूम होती. भिंतीलगत सगळे पाने हार घालून पूजेला मांडलेले. मिस्त्री पांढरा शर्ट घालून बाकावर पेढा खात होता, शेजारी दोघं होते.

"ऑइलचा ड्रेन प्लग अडकलाय," मी म्हणाले.

"चेंबरचा नट व्हय? कोण खोलत हुतं?"

"मी."

बाकावरचे दोघं एकमेकांकडे बघून हसले. "आरं, म्याडम तुझ्या पोटावर पाय आणत्यात की रं!" एक जण मिस्त्रीला म्हणाला.

"कशानं खोलला?" मिस्त्रीनं विचारलं.

"ॲडजस्टेबलनं."

"आरारारा! फौजींच्या घरात रिंग पाना न्हाई?"

"आहे. पूजेला बसलाय."

हसणं थांबलं. मिस्त्रीनं पेढ्याचा कागद चुरगाळून खिशात टाकला आणि पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं. "मी आज हात लावायचो न्हाई, ताई. माजीबी बसल्यात. पर ऐका. कोपरं थोडंच गेलं असतील तर तोच रिंग पाना हातोडीनं ठोकून बसवायचा. पाना हलला न्हाई पायजे. आन् जोर झटक्यानं न्हाई, दमानं द्यायचा. सुटंल. पाटावरनं उचलायचा का न्हाई, ते घरात इचारा."

घरी आले तर पप्पा खुर्चीतून उठून गाडीजवळ उकिडवे बसले होते. घमेल्यात तळ झाकेल एवढं ऑइल जमलं होतं.

"पप्पा, बोल्टचे कोपरे गेले," मी म्हणाले. "मी मोटारीवरचा पाना लावला. आईनं पूजा केली होती आणि मी बोलले नाही."

"पाना घसरला तवाच ऐकलं मी." त्यांनी वर बघितलं नाही. "तू कवा सांगतीस, त्याची वाट बघत हुतो."

आई दारात आली होती. मी तिला मिस्त्रीनं सांगितलेलं सगळं सांगितलं. तिनं पाटाकडे बघितलं. "आवं, आजच्या दिवशी?" ती पप्पांना म्हणाली.

"फौजेत पूजा झाल्यावर गाडी काढायचा हुकूम आला, तर आमी काय उद्या या म्हणायचो?"

आईनं पाना आणि हातोडी उचलली, दोन्ही कपाळाला लावली आणि माझ्या हातात दिली. पदरानं कुंकू मात्र पुसलं नाही.

मी पुन्हा खाली गेले. पाना बोल्टवर ठोकून बसवला. दमानं जोर दिला. काही झालं नाही. पुन्हा दिला. मग हाताला कळलं, बोल्ट फिरतोय. ऑइलची जाड धार माझ्या मनगटावरून घमेल्यात पडली.

धार बारीक होत होती तेव्हा फाटक वाजलं. मला खालून फक्त चकचकीत बूट दिसले, आणि त्यांच्यासमोर पप्पांच्या चपला.

"काय फौजी! लवकर आलो जरा. गडी लावलाय व्हय कामाला?"

"गडी न्हाई, पोरगी हाय."

"आयला! बरं, गाडी चालती कशी?"

पप्पा काहीतरी बोलणार होते. खाली माझा चेहरा कोणाला दिसत नव्हता, म्हणून असेल, मी मोठ्यानं म्हणाले, "काका, गाडी मला पाहिजे. मी साताऱ्याला नेणार आहे."

बूट हलले नाहीत. चपला गाडीकडे वळल्या.

"वॉशर नवा घाल," पप्पा म्हणाले. "जुना परत लावू नगंस." मग मित्राकडे वळून म्हणाले, "चल गड्या, गाडीचं ऱ्हाऊ दे, चहा घेऊ."

झिजलेला बोल्ट दसऱ्यानंतर फाट्यावरच्या मिस्त्रीनंच बदलून दिला. मी शेजारी उभी राहून बघितलं. पप्पांना फोन लावायला त्यानं सांगितलं नाही.

आता दर नवमीला मी साताऱ्याहून गाडी घेऊन येते. आई हळदीकुंकवाचं ताट घेऊन अंगणात येते आणि गाडीखाली वाकून विचारते, "झालं का गं तुझं? मांडू का?"