चष्म्याच्या डबीतली लेन्स

लेझर कटिंगचं मशीन मी लेन्स न बसवताच चालवलं. हा मूर्खपणा आधीच कबूल करून टाकते, म्हणजे खाली कमेंट करणाऱ्यांचे कष्ट वाचतील. काही वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा जेमतेम चौसष्टची… म्हणजे तसं अल्लडच वय. दोन-चार व्हिडिओ बघितले की आपल्याला सगळं येतं असं वाटण्याचं.

अमानवीय वगैरेवर माझा काडीचा विश्वास नाही. आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हाच आमच्या घरातून भुतं, उतारे, अंगात येणं असं सगळं बाहेर गेलं. शिवाय मी नोकरी केली टेलिफोन खात्यात. न दिसणाऱ्या माणसांचे आवाज जन्मभर ऐकले, पण प्रत्येक आवाजाला नंबर असायचा. या प्रसंगाला तो अजून सापडलेला नाही, म्हणून लिहितेय.

येरवड्यात आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगला लागून एक गाळा आहे. माझी सून प्रज्ञा आयटीतली नोकरी सोडून तिथे लेझर कटिंग करते. मशीन छोटंच, टेबलावर मावणारं. काचेच्या नळीतून किरण निघतो, आरशांवरून वळत येतो आणि शेवटी शर्टाच्या बटणाएवढ्या लेन्समधून जाताना सुईसारखा बारीक होऊन लाकूड कापतो. लेन्स नसेल तर किरण पसरटच राहतो, लाकूड नुसतं करपतं. एवढं लक्षात ठेवा, बाकी विसरलात तरी चालेल.

त्या दिवसांत माझा धाकटा भाऊ मिलिंद आणि त्याची बायको सुजाता नागपूरहून उपचारासाठी आमच्याकडे आले होते. मिलिंद एसटी स्टँडवर गाड्यांच्या घोषणा करायचा. खणखणीत आवाज, आणि घरी आला की त्याच आवाजात माझी टिंगल. त्याला पक्षाघाताचा झटका आला आणि वाचा गेली. समजत सगळं होतं, पण जीभ वळेना आणि हात थरथरायचा. कागदावर अक्षरं लिहून दिली की बोट भलत्याच अक्षरावर घसरायचं. मग तो चिडून कागद भिरकावायचा. पुढे पुढे भिरकावणंही थांबलं. नुसता भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. जेवणसुद्धा नको.

वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनी सुचवलं, की अक्षरांवर भोकं पाडलेली फळी ठेवा. बोट भोकात अडकेल, घसरणार नाही. पण दुसऱ्याच दिवशी दुपारच्या गाडीने ते दोघं नागपूरला परतणार होते. प्रज्ञाने कॉम्प्युटरवर फळीच्या आराखड्याची फाइल तयार केली, आणि निघायच्या दिवशी सकाळीच तिला कात्रजला एका गिऱ्हाइकाकडे जावं लागलं.

"मी आहे ना," मी म्हणाले. चौसष्टचं वय!

पहिला तुकडा कापला. भोकं काळी पडली, पण आरपार जाईनात. प्रज्ञाला फोन लावला.

"आई, नळीभोवती पाणी फिरतंय का?"

"फिरतंय."

"आरशांवर टेप लावून एक ठिपका मारून बघा. मधोमध येतो का?"

"आला. तुझ्या टिकलीसारखा."

"मग लेन्स धुरकटली असेल. मशीन बंद करा, लेन्सचा होल्डर काढा, लेन्स पुसा, परत बसवा. परत बसवा हं, आई."

"मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

लेन्स काढली. माझ्या चष्म्याच्या डबीत मऊ फडकं असतं, त्याने पुसायला घेतली. तेवढ्यात सुजाताचा फोन.

"ताई, सकाळपासून काहीच खाऊन नाही राहिले हे. आत्ता चहाचा कपही ढकलला. घरी नेऊन मी एकटी काय करू, सांगा ना?"

"येते गं. फळी घेऊनच येते," म्हणाले, आणि हात घाईघाईत पुढची कामं करत गेले. होल्डर जागेवर, शेवटची उरलेली प्लायवूडची शीट जाळीवर, झाकण बंद, बटण दाबलं.

आता पुढचं कसं सांगू… एरवी तिथे पंपाची घरघर असते, एक्झॉस्ट फॅन तर विमानासारखा ओरडतो. ते सगळं हळूहळू लांब गेलं, जशी गाडी स्टेशन सोडून जाते. झाकणाच्या रंगीत काचेतून उजेड दिसत होता – ठिणगी नव्हे, पडद्याआड कोणी दिवा घेऊन चालावं तसा. जळक्या लाकडाचा वास नाही. त्याऐवजी वास आला भिजलेल्या वाळ्याचा! नागपूरच्या उन्हाळ्यात आमच्या खिडक्यांना वाळ्याचे पडदे असत, आणि त्यांवर पाणी मारायचं काम मिलिंदचं. तो पत्र्याचं नरसाळं तोंडाला लावून घोषणा करायचा – "ताईकडे जाणारी गाडी पाण्याअभावी रद्द करण्यात आली आहे!" ते मला ऐकू आलं असं म्हणत नाही. ऐकू येण्याच्या अगदी अलीकडे होतं. भीती वाटली नाही. उलट संपू नये असं वाटलं.

मग टप… टप… लाकडाच्या चकत्या खालच्या ट्रेमध्ये पडायला लागल्या. झाकण उघडलं तर सगळी भोकं आरपार, आणि कडा काळ्या नाहीत – मधाच्या रंगाच्या. स्वतःची पाठ थोपटली, गाळ्याला कुलूप लावलं, किल्ली कमरेला खोचली आणि फळी घेऊन वर आले.

मिलिंद भिंतीकडे तोंड करूनच होता. सुजाताने त्याला उठवून बसवलं. मी फळीखाली अक्षरांचा कागद लावला आणि त्याच्या मांडीवर ठेवली. मग बोट उठलं, थरथरत हवेत फिरलं आणि एका भोकात शिरलं. थांबलं. निघालं, दुसऱ्यात शिरलं. सुजाता एकेक अक्षर मोठ्याने वाचत होती, माझ्या डोळ्यांपुढे सगळं धुकं.

"ता… ई… च… ष्मा… पू… स."

झटक्यानंतरचं त्याचं हे पहिलं वाक्य.

हसत, रडत मी फडक्यासाठी डबी उघडली. फडक्याच्या घडीत लेन्स होती.

तेवढ्यात प्रज्ञा आली. मिलिंदच्या मांडीवरची फळी आणि घडीतली लेन्स बघून तिने डबी हातात घेतली आणि मला घेऊन खाली गाळ्यात गेली. कुलूप मीच उघडलं. तिने होल्डर काढून डोळ्याला लावला आणि त्यातून माझ्याकडे बघितलं. आरपार. रिकामा.

"आई, हे शक्य नाही."

"मला काय सांगतेस, मशीनला सांग."

पहिल्या तुकड्याची कोरी बाजू तिने जाळीवर ठेवली आणि तशीच, लेन्सशिवाय, फाइल चालवली. नुसता धूर आणि रुपयाएवढा तपकिरी डाग. मग लेन्स बसवून चालवली. भोकं आरपार झाली, पण कडा काळ्याकुट्ट, नेहमीसारख्या. मधाच्या रंगाची कड त्यानंतर त्या मशीनने कधीच दिली नाही. कोणी म्हणतं आरशात दोष असेल, कोणी म्हणतं शीट वेगळी असेल, कोणी म्हणतं काकू, तुम्ही लेन्स नंतर काढली असणार. वाळ्याच्या वासाचं तर मी कोणाला सांगतच नाही, आज तुम्हालाच सांगितलं.

आम्ही वर आलो तेव्हा मिलिंद सुजाताच्या हातून पोळीचा घास खात होता. खाली रिक्षा येऊन उभी होती, तरी मी त्याच्यासमोर बसून सगळं सांगितलं – रिकामा होल्डर, डबी, तपकिरी डाग. त्याने शांतपणे ऐकलं, घास गिळला, फळी जवळ ओढली. रिक्षावाला हॉर्न वाजवत राहिला आणि मिलिंदचं बोट अजिबात घाई न करता एकेका भोकातून फिरत राहिलं. विरामचिन्हं माझी, शब्द त्याचे:

"ताई, तुझं नाही का आयुष्यभर डोक्याशिवाय चाललं?"