सहाव्या चौकटीतला कागद

माझे धाकटे दीर गेले, त्याला आज महिना झाला. त्यांच्या खोलीच्या भिंतीवर सहा चौकटी आहेत. पाच पेटंटच्या. सहावीबद्दल लिहायला आजवर हात धजावला नाही.

भाऊजींनी ना लग्न केलं, ना नोकरी टिकवली. कानस, पकड आणि तारांची भेंडोळी यांतच रमले. शोधही कसे, एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही: न घसरणारा शिडीचा पाय, सुईत दोरा ओवणारी चिमटी, औषधाचे थेंब मोजून सोडणारं बूच, एका हाताने मिटणारी छत्री, वाऱ्याने न वाजणारी खिडकीची कडी.

सासूबाई म्हणायच्या, "कडीचं पेटंट भिंतीवर, आणि खिडकी आपली खडखडतेच आहे!"

"आई, ती लोकांसाठी आहे."

"हो ना, आम्ही कुठले लोक!"

पुढे सासूबाईंचे हात थरथरू लागले. चहा अंगावर सांडायचा. भाऊजींनी जड बुडाचे, दोन कानांचे पेले करून पाहिले. जमेना. एकदा सासूबाईच वैतागल्या, "अरे, टांग की तो पेला! टांगलेला दिवा कधी तेल सांडतो का?" भाऊजी बघतच राहिले. त्यांनी कड्यात कडं बसवून आत पेला टांगला. हात थरथरे, चहा स्थिर.

"या अर्जावर तुझंही नाव, आई. कल्पना तुझी."

सासूबाईंचं नाव तोवर कुठेच छापलं गेलं नव्हतं, दारावरच्या पाटीवरसुद्धा नाही. रोज विचारायच्या, "गेला का रे अर्ज?"

भाऊजींनी मला बजावलं होतं, "वहिनी, अर्ज जाईपर्यंत पेला घराबाहेर नको." पण आमच्या प्रार्थनेच्या मंडळातल्या एका म्हाताऱ्या बाईंचे हात तसेच थरथरायचे. मला राहवलं नाही, नेला. तिथे कोणीतरी फोटो काढला आणि तो पेपरात आला, वर कौतुकाच्या दोन ओळी. मी ते कात्रण मिरवत भाऊजींपुढे धरलं. त्यांनी आधी त्यावरची तारीख पाहिली. मग म्हणाले, "छान आलाय फोटो."

अर्ज तरीही केला. दोन वर्षांनी उत्तर आलं: वस्तू अर्जाआधीच जगजाहीर झाली, पेटंट देता येत नाही.

सासूबाई तोवर अंथरुणाला खिळल्या होत्या. त्यांना अक्षरओळख नव्हती. मला म्हणाल्या, "तूच वाच. हा गोड गोड सांगेल. तू देवाधर्माची, तू खोटं बोलायची नाहीस."

भाऊजी दाराशी उभे होते. मी कागद उलगडला.

"मिळालं, आई. दोघांच्या नावाने."

"आधी कोणाचं?"

"तुमचं."

"दाखव बघू."

अर्जदार म्हणून दोन्ही नावं खरंच छापलेली होती. त्यांचं थरथरतं बोट मी त्या ओळीवर टेकवलं. बराच वेळ त्यांनी ते उचललं नाही.

"आता चौकट कर रे याची."

भाऊजींनी त्याच दुपारी तो नकार काचेत बसवून त्यांच्या डोळ्यांसमोर लावला. बारा दिवसांनी सासूबाई गेल्या. मग भाऊजींनी चौकट आपल्या खोलीत, बाकीच्या पाचांशेजारी नेली.

खोटं बोलल्याची क्षमा मी रोज देवाकडे मागते. पेला बाहेर नेल्याची मात्र भाऊजींकडे मागायची होती. त्यांनी तो विषय कधी काढलाच नाही, म्हणून मलाही तोंड उघडता आलं नाही. आज-उद्या करत अकरा वर्षं गेली.